शंभर टक्क्यांपुढचे लसीकरण आणि आरोग्य केंद्राची नोंदवही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आर्थिक वर्ष संपत आले की तालुकानिहाय आरोग्य कामगिरीचे तक्ते वृत्तपत्रांत छापून येतात आणि त्यांत एखाद्या तालुक्याने लसीकरणाचे किंवा गरोदर मातांच्या नोंदणीचे उद्दिष्ट शंभर टक्क्यांहून अधिक गाठल्याचे अभिनंदनाच्या सुरात सांगितलेले असते. जेवढी बालके आहेत त्यांहून अधिक बालकांना लस कशी दिली गेली, हा प्रश्न बातमीत येत नाही आणि आढावा बैठकीतही सहसा कोणी विचारत नाही. कोल्हापूर जिल्ह्याच्या ग्रामीण आरोग्य सेवेत पर्यवेक्षणाचे काम केलेला एक निवृत्त कर्मचारी म्हणून या प्रश्नाचे उत्तर वाचकांपुढे ठेवावेसे वाटते, कारण ते एका टक्केवारीपुरते नसून प्राथमिक आरोग्य केंद्रातून वर जाणाऱ्या बहुतेक सगळ्या आकडेवारीला लागू पडते.

टक्केवारीत वरचा आकडा झालेल्या कामाचा असतो आणि खालचा अपेक्षित लाभार्थ्यांचा. वरचा नोंदवहीतून येतो. खालचा कोणी मोजलेला नसतो, तो हिशेबाने काढलेला असतो. उपकेंद्राच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हाताखालच्या काही गावांसाठीच्या केंद्राच्या, लोकसंख्येला जन्मदराने गुणायचे आणि गर्भपात व मृतजन्म गृहीत धरून आलेल्या संख्येत दहा टक्के मिळवायचे, ही गरोदर मातांचे वार्षिक उद्दिष्ट ठरवण्याची रूढ रीत आहे. सपाटीवरील उपकेंद्रासाठी ५,००० लोकसंख्येचे मानक आहे. जन्मदर हजारी १६ धरला तर वर्षाला ८० जन्म आणि ८८ गरोदर माता होतात, म्हणजे महिन्याला जेमतेम सात. आता या सातांपैकी एक सून बाळंतपणासाठी माहेरी निघून गेली, तर त्या महिन्याचे साध्य चौदा टक्क्यांनी घसरते, आणि शेजारच्या गावातून एक लेक माहेरी आली तर तेवढ्याच टक्क्यांनी ते वाढते. इतक्या लहान संख्यांची दरमहा टक्केवारी काढून त्यावरून उपकेंद्रांची क्रमवारी लावणे म्हणजे योगायोगाला गुण देणे होय. तरीही ती क्रमवारी लागते, पडद्यावर लाल-हिरव्या रंगांत दाखवली जाते आणि लाल रंगातल्या सिस्टरला, म्हणजे उपकेंद्राच्या आरोग्य सेविकेला, सगळ्यांसमोर उभे केले जाते.

ज्या लोकसंख्येवर हा सारा हिशेब उभा आहे तीही २०११ च्या जनगणनेची असते, पुढे अंदाजाने वाढवत आणलेली. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही आणि मधल्या काळात आपला जिल्हा एकसारखा वाढला नाही. करवीर तालुक्यातील उचगाव, पाचगाव, कळंबा अशी शहराला लागून असलेली गावे अपार्टमेंटनी भरून गेली. इचलकरंजीच्या परिसरात यंत्रमागांवर आणि कारखान्यांत काम करायला परप्रांतातून कुटुंबे आली. याउलट चंदगड, शाहूवाडी, गगनबावडा येथील कितीतरी घरांतली तरुण जोडपी मुंबई-पुण्यात असतात आणि गावाकडे म्हातारी माणसे उरतात. सगळीकडे एकाच दराने लोकसंख्या वाढवली की शहरालगतच्या केंद्राचे उद्दिष्ट खऱ्याहून कमी आणि डोंगरातल्या केंद्राचे खऱ्याहून जास्त निघते. पहिल्याला काही विशेष न करता शंभरी ओलांडता येते आणि दुसऱ्याने घरन्‌घर पालथे घातले तरी तो पंच्याहत्तरीत अडकतो. हे ठाऊक नसलेला वैद्यकीय अधिकारी मला भेटलेला नाही. बैठकीत मात्र ते बोलून दाखवण्याचा प्रघात नाही.

येथून पुढे जे होते ते वाचकांनी दोष देण्याच्या आधी समजून घ्यावे. ज्या सिस्टरच्या कार्यक्षेत्रात खरोखरच त्या महिन्यात चारच गरोदर माता होत्या, तिला वर सात दाखवायच्या असतात. खोटे नाव लिहिणाऱ्या थोड्या. बहुतेक जणी माहेरवाशिणीची नोंद करतात, आणि तीच बाई सासरच्या उपकेंद्रातही नोंदलेली असते. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत इतकी पक्की आहे की ही दुहेरी नोंद अपवाद म्हणून सोडून देता येत नाही. जिल्हा सीमेवर असल्याने त्यात आणखी भर पडते. कागल आणि गडहिंग्लजकडच्या बायका प्रसूतीसाठी निपाणी-बेळगावला जातात, चंदगडच्या काही गोव्यात जातात. प्रसूती दुसऱ्या राज्याच्या अहवालात आणि बाळाचे पुढचे डोस आपल्या अहवालात. गरोदर मातेला स्वतंत्र ओळख क्रमांक देण्याची सोय माता व बाल आरोग्याच्या पोर्टलवर आहे आणि ती चांगली आहे, पण त्या क्रमांकाचा उपयोग तेव्हाच, जेव्हा बाई माहेरी जाताना माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर नेते आणि तिथली सिस्टर नवी नोंद करण्याऐवजी जुनी शोधते. शोधायला नेट लागते, वेळ लागतो आणि शोधून सापडली तर तिच्या साध्यात एक नोंद कमी होते. असे असताना ती शोध घेईल, अशी अपेक्षा आपण कोणत्या आधारावर धरतो?

ऊसतोड मजुरांची गोष्ट याहून बिकट आहे. दिवाळीच्या आसपास बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून टोळ्या येतात, कारखान्यांच्या आवारात आणि उसाच्या फडांशेजारी खोप्या पडतात आणि हंगाम संपला की मार्च-एप्रिलमध्ये त्या उठतात. त्यांत गरोदर बायका असतात आणि तान्ही मुलेही असतात. बाळाचा दीड महिन्याचा डोस गावी झालेला, अडीच महिन्यांचा इथे, साडेतीन महिन्यांचा कुठेच नाही, असे प्रकार सर्रास होतात. त्यांना शोधून लस देणाऱ्या आशाताई आणि सिस्टर या जिल्ह्यात आहेत, त्यांचे काम मी पाहिले आहे आणि त्याबद्दल आदर आहे. पण हा डोस कोणत्या गावाच्या खात्यात लिहायचा, याची पद्धत केंद्रागणिक वेगळी असते. कोणी तो आपल्या गावच्या बालकांत मिळवतो आणि टक्केवारी शंभरापुढे जाते. कोणी टॅली शीटवर, म्हणजे सत्रात दिलेल्या डोसांच्या मोजणीच्या कागदावर, वेगळा लिहितो आणि महिनाअखेरीस बेरजेत घ्यायचा विसरतो. म्हणजे एकाच कामाची नोंद एकीकडे यश म्हणून फुगते आणि दुसरीकडे नाहीशी होते.

केंद्र सरकारचे आरोग्य व्यवस्थापन माहितीचे पोर्टल २००८ पासून आहे आणि प्रत्येक आरोग्य संस्थेने दरमहा त्यावर अहवाल भरायचा असतो. संगणक आल्यावर चुका कमी होतील, अशी एक समजूत होती. पोर्टलवर आकड्यांची आपोआप तपासणी करणारे नियम आहेत, हे खरे. वजन केलेली बालके जिवंत जन्मांपेक्षा जास्त दिसली की इशारा येतो. पण तो बेरीज-वजाबाकीचा मेळ पाहतो, नोंदीचा खरेपणा पाहत नाही, आणि कधी कधी खऱ्या आकड्यावरच संशय घेतो. उदाहरणार्थ, बीसीजीची, म्हणजे क्षयरोगाविरुद्धच्या लसीची, कुपी विरघळवली की चार तासांत वापरावी लागते, उरलेली टाकून द्यावी लागते. एका बाळासाठी ती फोडायला सिस्टर कचरते आणि पुढच्या लसीकरण सत्राची वाट पाहते. म्हणून महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जन्मलेल्यांचे बीसीजी पुढच्या महिन्यात जाते आणि त्या महिन्यात जन्मांपेक्षा बीसीजी जास्त दिसते. यात गैर काही नाही. पण डाटा एन्ट्री ऑपरेटरला पडद्यावरचा इशारा घालवायचा असतो, तालुक्याहून फोन आलेला असतो, आणि मग खरा आकडा थोडा वाकवून नियमात बसवला जातो. पुढे तो अहवाल वरच्या स्तरावर निर्दोष ठरतो.

कोरी जागा आणि शून्य यांतला फरक तर कुणी शिकवतच नाही. रकान्यात शून्य म्हणजे आम्ही पाहिले आणि एकही प्रकरण आढळले नाही. रकाना कोरा म्हणजे आम्ही पाहिलेलेच नाही. दोन्हींची बेरीज जिल्ह्याच्या तक्त्यात सारखीच येते. मृतजन्म, नवजात मृत्यू, माता मृत्यू, गंभीर रक्तक्षय हे रकाने नेमके या गोंधळाचे बळी आहेत. आपल्याच खात्याला हे नीट करता येते, याचा पुरावाही आपल्यापाशी आहे. पोलिओच्या काळात अचानक लुळेपणा आलेल्या बालकांची पाहणी सुरू झाली, तेव्हा रुग्ण नसला तरी दर आठवड्याला शून्य अहवाल पाठवणे बंधनकारक होते आणि अहवाल आला नाही तर माणूस जाऊन विचारत असे. देशातला वन्य विषाणूचा शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि २०१४ मध्ये पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. ते प्रमाणपत्र देणाऱ्यांनी रुग्ण नाहीत एवढ्यावर विश्वास ठेवला नाही. रुग्ण असता तर तो सापडला असता, हे सिद्ध करून मागितले. तीच शिस्त माता मृत्यूच्या रकान्याला का लागू नये?

आकडे बनावट आहेत की नाहीत हे ओळखायला फार मोठी विद्या लागते असे नाही. प्रसूती नोंदवहीतले बालकांच्या वजनाचे रकाने वर्षभराचे काढून पाहावेत. २.५ किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ कमी वजनाचे धरले जाते आणि त्याचा पाठपुरावा करावा लागतो. ज्या नोंदवहीत २.५ आणि ३ यांचीच गर्दी आहे, पण २.३ आणि २.४ जवळजवळ नाहीत, तिथे काटा नीट पाहिला गेलेला नाही, किंवा पाहून आकडा पुढे सरकवला गेला आहे. रक्तदाबाच्या रकान्यात पानामागून पान १२०/८० असेल, तर त्या केंद्रातले रक्तदाबाचे यंत्र चालू आहे का हे आधी विचारावे. हिमोग्लोबिनचेही तसेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. असे असताना एखाद्या केंद्राच्या वर्षभराच्या नोंदीत ११ च्या, म्हणजे रक्तक्षयाच्या मर्यादेच्या, खाली मोजक्याच माता असतील, तर ते केंद्र कौतुकाला नव्हे, तपासणीला पात्र आहे. कधी कारण अगदी साधे असते: रंग जुळवून पाहण्याची साहलीची जुनी पद्धत अजून वापरात असते आणि रंग जुळला की नाही हे बघणाऱ्याच्या नजरेवर आणि खिडकीतल्या उजेडावर ठरते, किंवा डिजिटल यंत्र असते पण पट्ट्या संपलेल्या असतात आणि पट्ट्या संपल्या असे लिहायला रकाना नसतो.

या ठिकाणी आपल्या जिल्ह्याचाच एक जुना आकडा आठवावासा वाटतो. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. शाहू महाराजांचा वारसा सांगणाऱ्या जिल्ह्याला तो आकडा झोंबला, त्यावर वृत्तपत्रांनी लिहिले, सोनोग्राफी केंद्रांवर लक्ष ठेवले जाऊ लागले, आणि २०११ मध्ये तो ८६३ झाला. वाढ पुरेशी नव्हती, तरी दिशा बदलली होती. हा आकडा आपल्याला मिळाला याचे कारण तो मोजणाऱ्या प्रगणकाची वेतनवाढ, बदली किंवा बैठकीतली अब्रू त्या आकड्यावर अवलंबून नव्हती. मुलींची संख्या वाढवण्याचे उद्दिष्ट प्रगणकालाच दिले असते आणि साध्य त्यालाच भरायला सांगितले असते, तर २००१ साली आपला जिल्हा आदर्श ठरला असता. आरोग्य केंद्रात आपण नेमके हेच करतो. काम करणारी सिस्टर, काम मोजणारी सिस्टर आणि आकडा कमी आला म्हणून बोलणी खाणारीही तीच.

तिच्यावर पडणाऱ्या लिखाणाचा भार वेगळा सांगायला हवा. एकाच गरोदर मातेची नोंद आशाच्या डायरीत, सिस्टरच्या रजिस्टरात, मातेच्या कार्डावर, माता-बाल आरोग्याच्या पोर्टलवर आणि महिन्याच्या अहवालात होते. मातृवंदना योजनेचा अर्ज निराळा. क्षयरुग्ण निक्षय पोर्टलवर, साथीचे रुग्ण आयएचआयपी या रोग-पाहणीच्या पोर्टलवर, तीस वर्षांवरील लोकांचे रक्तदाब-मधुमेहाचे फॉर्म असंसर्गजन्य रोगांच्या पोर्टलवर, लसींचा साठा आणखी कुठे. प्रत्येकाचे लॉगिन वेगळे, प्रत्येकाचा तगादा वेगळा, आणि एकातली माहिती दुसऱ्यात आपोआप जाईल अशी सोय फारच थोड्या ठिकाणी. गगनबावड्याकडे किंवा चंदगडच्या आडबाजूला पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्ही जातात. त्या दिवसांची नोंद नंतर आठवून, नाहीतर कागदाच्या चिटोऱ्यावरून केली जाते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोळ-करवीरमधली गावे पाण्याखाली गेली, माणसे छावण्यांत गेली आणि छावणीत तपासलेला तापाचा रुग्ण छावणीच्या गावाचा की त्याच्या मूळ गावाचा, हे लिहिणाऱ्यावर सोडले गेले. लेप्टोस्पायरोसिस किंवा डेंग्यूचा उगम शोधायचा असेल तर नेमके हेच कळायला हवे असते. आशांच्या संघटनांनी ऑनलाइन कामाच्या सक्तीविरुद्ध वेळोवेळी आंदोलने केली. त्याकडे केवळ मानधनाचा वाद म्हणून पाहिले गेले, हे मला दुर्दैवाचे वाटते, कारण माहितीच्या दर्जाबद्दल त्या ज्या तक्रारी करत होत्या त्या कोणत्याही संख्याशास्त्रज्ञाने कराव्यात अशा होत्या.

मग करावे काय, तर माझ्या मते नवे ॲप अजिबात आणू नये. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली आणि जगभर वापरली जाणारी एक साधी तपासणी आहे: मागच्या तिमाहीचे दोन-तीन मुद्दे निवडायचे, केंद्रात जाऊन मूळ नोंदवहीतून ते पुन्हा मोजायचे आणि त्या मोजणीला अहवालातल्या आकड्याने भागायचे. उत्तर शंभर टक्क्यांच्या दहा इकडे-तिकडे असेल तर अहवाल विश्वासार्ह. ऐंशी आले तर नोंदवहीत नसलेले काम अहवालात आहे. एकशेवीस आले तर झालेले काम अहवालात पोहोचलेलेच नाही. दुसरी शक्यताही वाटते तितकी विरळ नसते. ही मोजणी दुसऱ्या तालुक्याच्या आरोग्य सहाय्यकांनी करावी, आपल्याच पर्यवेक्षकांनी नव्हे. एका केंद्राला अर्धा दिवस पुरतो आणि खर्च प्रवासभत्त्यापलीकडे फारसा नाही. पहिल्या वर्षी तरी या मोजणीवरून कोणाला नोटीस देऊ नये, नाहीतर अहवालाबरोबर नोंदवहीही सुधारून ठेवली जाईल.

जन्मांच्या बाबतीत आणखी एक सोय आपल्या हाताशी आहे. १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्म एकवीस दिवसांत नोंदवायचा असतो आणि खेड्यात ती नोंद ग्रामपंचायतीत होते. अंगणवाडीकडे पोषण ट्रॅकर या ॲपमध्ये त्याच गावातली बालके असतात. आरोग्य केंद्राचा अहवाल तिसरा. तीनही कार्यालये बहुतेक गावांत हाकेच्या अंतरावर आहेत. ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका आणि सिस्टर यांनी तीन महिन्यांतून एकदा एकत्र बसून नावानिशी याद्या ताडून पाहिल्या, तर उद्दिष्टासाठी अंदाजाने काढलेल्या संख्येची गरजच उरणार नाही, कारण गावात किती बाळे आहेत हे नावासकट माहीत असेल. अडचण एवढीच की तिघे तीन खात्यांचे आहेत आणि एकत्र बसण्याचा आदेश कोणी काढायचा, हे ठरत नाही. ग्रामसेवक, अंगणवाडी आणि उपकेंद्र हे तिन्ही जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत येत असताना हा आदेश काढणे अवघड का असावे, हे मला उमगलेले नाही. शहरातील आणि तालुक्याच्या ठिकाणच्या खासगी प्रसूतिगृहांचे अहवाल वेळेवर येत नाहीत, ही तक्रार जुनी आहे; त्यासाठी नोंदणी नूतनीकरणाच्या वेळी वर्षभराचे मासिक अहवाल पाहिले, तरी पुष्कळ फरक पडेल.

आणि वर गेलेला आकडा खाली परत यायला हवा. आज सिस्टर दरमहा शेकडो रकाने भरते आणि तिला परत मिळते ती फक्त रंगीत क्रमवारी. तिच्या पाच-सहा गावांत कोणत्या वस्तीतली बालके गोवर-रुबेलाच्या दुसऱ्या डोसाला गळतात, कोणत्या महिन्यांत गळतात, हे तिला तिच्याच आकड्यांवरून एका कागदावर दाखवले, तर ती तो कागद उपकेंद्राच्या भिंतीवर लावील आणि पुढच्या महिन्यात त्यातली चूक स्वतःहून दुरुस्त करील. काही वैद्यकीय अधिकारी हे करतात. त्यांच्या केंद्रांच्या नोंदी वेगळ्या दिसतात: त्यांत २.३ किलोची बाळे असतात, रक्तदाब १३४/८८ असतो, शून्ये लिहिलेली असतात आणि काही महिन्यांचे साध्य साठ टक्के असते. अशा केंद्रांना बैठकीत शेवटच्या रांगेत बसवू नये, एवढे तरी जिल्हा पातळीवर ठरावे.

पुढची जनगणना २०२७ ची आहे. तिचे गावनिहाय आकडे हाती आले की बहुतेक उपकेंद्रांची उद्दिष्टे बदलतील आणि गेल्या काही वर्षांच्या शंभर टक्क्यांपुढच्या यशाचा फेरहिशेब करता येईल. जिल्हा परिषदेने तो करावा, बारा तालुक्यांच्या जुन्या आणि नव्या टक्केवाऱ्या शेजारी-शेजारी मांडून प्रसिद्ध कराव्यात, आणि आपल्या वृत्तपत्राने तो तक्ता पहिल्या तक्त्याइतक्याच जागेत छापावा, अशी विनंती आहे. तोपर्यंत आरोग्य कामगिरीची बातमी देताना टक्केवारीबरोबर मूळ संख्या, म्हणजे किती बालकांपैकी किती आणि ती बालके मोजलेली की अंदाजाने काढलेली, हेही आपल्या वार्ताहरांनी विचारून छापावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त आरोग्य पर्यवेक्षक,
कोल्हापूर